हिरव्या वर्तुळाचा भरवसा

साशंक : चित्र कोणासाठी काढतेस, ते आधी सांग. नेटवर्कवरच्या यंत्रांचे पोर्ट तपासणारा एनमॅप चालवला की पडद्यावर ओळी येतात. पोर्टचा क्रमांक, त्याची अवस्था, सेवेचं नाव, बस. १९९७ च्या सप्टेंबरात गॉर्डन लायन यांनी हा प्रोग्राम 'फ्रॅक' या नियतकालिकात छापला, तेव्हा तो जेमतेम २,००० ओळींचा होता. तेव्हापासून तो कितीतरी पटींनी वाढला, तरी कामाची माणसं तो अजून काळ्या पडद्यावरच वापरतात. कारण तो मजकूर सातबाऱ्यासारखा आहे. रुक्ष आहे, पण प्रत्येक रकान्याला अर्थ आहे आणि रकान्याबाहेर एक अक्षर नाही. त्यात शोधता येतं, कालच्या उताऱ्याशी आजचा ताडून बघता येतो, फोनवरून समोरच्याला वाचून दाखवता येतो. चित्र फोनवर कसं वाचून दाखवणार?

उत्साही : सातबारा तुम्हीच काढलात ते बरं झालं, सर. सातबाऱ्यावरून जमीन कोणाची, किती, त्यात पीक कोणतं, हे कळतं. शेतात जायची वाट कुठून आहे, हे कळत नाही. त्यासाठी गावनकाशा बघावा लागतो. आता एका बँकेची एकच शाखा धरा. एका पट्ट्यात २५४ पत्ते. एनमॅपची नेहमीची तपासणी प्रत्येक पत्त्यावर १,००० पोर्ट ठोठावून बघते. सगळी यंत्रं सुरू असतील तर अडीच लाखांहून जास्त उत्तरं झाली. एनमॅप त्यातली सारखी उत्तरं एका ओळीत गुंडाळतो म्हणून बरं, तरीही उरलेल्या ओळी वाचताना कोणती दोन यंत्रं एकमेकांना दिसतात आणि कोणती दिसायला नको होती, हे कोणाच्या डोक्यात बसणार? तुमच्या बसत असेल, वीस वर्षं तेच केलंय तुम्ही. शाखेत नवीन लागलेल्या पोराच्या नाही बसत.

साशंक : गावनकाशाची बरोबरी करू नकोस. गावनकाशात दोन गट चिकटलेले दिसले तर प्रत्यक्षातही बांधाला बांध असतो. कोणीतरी ती मोजणी केलेली असते. तुझ्या चित्रात काय असतं? एनमॅपचे निकाल चित्रात दाखवणारा झेनमॅपच घे. मधोमध स्कॅन करणारं यंत्र, भोवती वलयं, आणि एकेक वलय म्हणजे वाटेतला एकेक टप्पा. केंद्रापासूनच्या अंतराला अर्थ आहे, हे मान्य. पण वर काय, खाली काय, डावीकडं काय? शून्य. दोन वर्तुळं शेजारी दिसली की माणसाला वाटतं, ही यंत्रं शेजारी आहेत, काहीतरी नातं असणार. नातं नसतं, चित्र मावावं म्हणून ती तिथं बसवलेली असतात. यादी निदान असलं खोटं बोलत नाही.

या दोघांची नावं इथं महत्त्वाची नाहीत. एकाचं आयुष्य सांगलीत सहकारी संस्थांचे सर्व्हर सांभाळण्यात गेलं. दुसरी साताऱ्यात बसून स्कॅनचे निकाल दाखवणारा इंटरफेस रचते आहे. ऐकताना मात्र हे ध्यानात ठेवावं, की दोघांच्याही डोळ्यांसमोर सांगली-सातारा भागातल्या बँका, पतसंस्था आणि साखर कारखाने आहेत. तिथं संगणकाची जबाबदारी पुष्कळदा एका माणसावर असते आणि त्याच माणसाला प्रिंटरचा अडकलेला कागदही काढावा लागतो.

उत्साही : वलयांचा दोष मला मान्य आहे. पण ती आली कुठून, तेही बघा. झेनमॅपचं मूळ 'उमित' नावाच्या प्रकल्पात. २००५ साली गूगलच्या उन्हाळी योजनेत एका विद्यार्थ्यानं तो सुरू केला, २००७ मध्ये त्याचा झेनमॅप झाला, आणि पुढच्या वर्षी 'रेडियलनेट' नावाच्या दुसऱ्या एका कामातून ही वलयं त्यात आली. वलयांची कल्पनाही हवेतून आलेली नाही. बर्कलीच्या संशोधकांनी २००१ मध्ये अशा मांडणीवर काम केलं होतं. केंद्र बदललं की वर्तुळं उडी मारत नाहीत, हळूहळू सरकतात, म्हणजे बघणाऱ्याची दिशा चुकत नाही. आता तुमच्या शाखेचं चित्र काढलं तर काय दिसेल? सगळी यंत्रं एकाच टप्प्यावर, म्हणून एकाच वलयात, झेंडूच्या माळेसारखी. तुम्ही म्हणाल, यात काय कळलं? मी म्हणते, सगळंच कळलं. दारावरचा कॅमेरा, पाहुण्यांसाठीचं वायफाय, मॅनेजरांचा लॅपटॉप आणि खात्यांचा सर्व्हर एका माळेत आहेत. मध्ये एकही भिंत नाही. हे यादीतही लिहिलेलं असतं, पण यादीतून ते संचालकांच्या अंगावर येत नाही.

साशंक : अंगावर येतं हे खरं. पण भिंत नाही हे तुला कशावरून कळलं? वाट मोजणाऱ्या तपासणीला राउटर दिसतात, स्विच दिसत नाहीत. कपाटात तीन स्विच असतील, केबल कुठून कशीही गेली असेल, तुझ्या चित्रात ती सगळी यंत्रं थेट केंद्राला दोरी बांधल्यासारखी दिसणार. उलट ज्या यंत्रापर्यंतची वाटच कळली नाही, तिथं झेनमॅप तुटक रेषा काढतो. ती तुटक रेषा मला त्या चित्रातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट वाटते. आणि ती कोणी बघत नाही, कारण शेजारी लाल, पिवळी, हिरवी वर्तुळं असतात.

आणि त्या रंगांचं गणित तर ऐकच. तीनपेक्षा कमी पोर्ट उघडे असतील तर हिरवं, तीन ते सहा असतील तर पिवळं, सहाच्या वर गेले की लाल. वर्तुळाचा आकारही उघड्या पोर्टांच्या संख्येवर. आता बघ, कोपऱ्यातला प्रिंटर. त्याला छपाईचा ९१०० पाहिजे, वेब पान पाहिजे, आणखी पाच-सात जुन्या सेवा चालू असतात. तो मोठा लालभडक दिसणार. आणि ज्या सर्व्हरवर फक्त ३३८९ उघडा आहे, म्हणजे लांबून कोणीही पासवर्ड लावून बघू शकेल असा एकच दरवाजा, तो बारीक हिरवा. सभेत लोक प्रिंटरवर बोट ठेवतील आणि चोर हिरव्यातून आत येईल.

उत्साही : इथं मी तुमच्या बाजूनं आहे. संख्या मोजून रंग देणं म्हणजे घराला दारं किती यावरून ते सुरक्षित की नाही ठरवणं. वाड्याला सात दारं असतात आणि सातही दारांना आतून अडसर असतो. माझ्या मांडणीत रंग संख्येला नाही. लाल-हिरवी जोडी तर मी काढूनच टाकली आहे, कारण ती दोन टोकं वेगळी न दिसणारे पुरुष थोडेथोडके नाहीत. आता रंग फक्त एका प्रश्नाला आहे : हे यंत्र बँकेच्या नोंदवहीत आहे की नाही? रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या चार पातळ्या पाडून पुढच्या अटी आणल्या. त्यात पहिली मागणी साधीच आहे, आपल्याकडं कोणती यंत्रं आणि कोणते प्रोग्राम आहेत याची नोंद ठेवा. म्हणजे एक यादी नोंदवहीत आहे, दुसरी स्कॅनमध्ये आली. मला चित्र काढायचंय ते या दोन याद्यांमधल्या फरकाचं. नोंदवहीत आहे पण सापडलं नाही, त्याची रिकामी चौकट. सापडलं पण नोंदवहीत नाही, ते भरीव.

साशंक : हे जरा पटण्यासारखं आहे. पण याला चित्र कशाला? दोन स्तंभ पुरतात. तुला वारणेची गोष्ट माहीत असेल. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प उभा राहिला. तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं. काही वर्षांनी संशोधक तिथं गेले, तर गावातल्या संगणकाचा मुख्य उपयोग कारखान्याशी असलेल्या व्यवहाराचे आकडे भरायला आणि बघायला होत होता. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवला आणि तेच काम एसएमएसनं करून बघितलं. झालं. खर्च कमी, विजेची कटकट कमी. शेतकऱ्याला चकचकीत पडदा नको होता, माझ्या उसाचं वजन किती भरलं, ही एक ओळ हवी होती. स्कॅन करणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं.

उत्साही : वारणेचा दाखला माझ्याच बाजूनं आहे, सर. शेतकऱ्याला प्रश्न आधीच माहीत होता. प्रश्न ठरलेला असला की उत्तराला एक ओळ पुरते. स्कॅन करणाऱ्याला प्रश्नच माहीत नसतो. तो काहीतरी विचित्र दिसतंय का, हे बघायला निघालेला असतो, आणि विचित्र म्हणजे काय, हे दिसल्यावर कळतं. आयर्विन पुलाचंच घ्या. पावसाळ्यात सांगलीचा माणूस पहिलं काय विचारतो? पुलाखाली किती फूट? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हा आकडा तुमची यादी झाली, आणि तो पुरतो हे मी मान्य करते. पण कोणाला पुरतो? ज्याच्या डोक्यात नकाशा आधीच आहे त्याला. अमुक फुटाला सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी, तमुक फुटाला कर्नाळ रस्ता बंद, हे त्याला पाठ आहे. काल भाड्यानं राहायला आलेल्या माणसाला ४३ फूट म्हणजे घर सोडायचं की नाही, हे कळत नाही. त्याच्यासाठी पूररेषेचा नकाशा लागतो.

साशंक : आणि पूररेषेच्या नकाशानं काय केलं? निळ्या रेषेच्या बाहेर घर आहे म्हणून माणूस निवांत झोपला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. ते शक्यतेचे अंदाज आहेत. पण कागदावर रेषा ओढली की अंदाजाची भिंत होते. आकडा ऐकणारा माणूस दर तासाला पुन्हा विचारतो, आता किती? नकाशा बघणारा एकदाच बघतो. तुझ्या चित्राची मला हीच भीती आहे. ते भिंतीवर लावलं जाईल.

इथं प्रस्तुत लेखकाला थांबावंसं वाटतं, कारण वादाचा मुद्दा चित्र की मजकूर यावरून सरकला आहे. आपल्याला जे कळलेलं नाही ते कसं दाखवायचं, यावर तो आला आहे, आणि खरी अवघड जागा तीच आहे. एनमॅप पोर्टच्या सहा अवस्था मानतो. उघडा आणि बंद या त्यांतल्या दोनच. उरलेल्या चारांत 'उत्तर आलं नाही, मध्ये कोणीतरी अडवतंय', 'पोचलो पण उघडा की बंद ते ठरेना', 'उघडा किंवा अडवलेला' असले प्रकार येतात. जनगणनेचा प्रगणक दाराला कुलूप बघतो तेव्हा तो घर कुलूपबंद असल्याचं लिहितो, घरात कोणी राहत नाही असं लिहीत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हा फरक शब्दांत नेमका जपला. रंगात आणि आकारात तो सांडतो.

उत्साही : सांडतो खरा, आणि झेनमॅपमध्ये तो कुठं सांडतो ते मी दाखवते. ज्या यंत्राचे काही पोर्ट अडवलेले आहेत त्याच्या शेजारी बारीक कुलूप येतं. चांगली खूण आहे. पण यंत्राचा एकही पोर्ट उत्तर देत नसेल तर उघडे पोर्ट शून्य, म्हणून वर्तुळ हिरवं. म्हणजे ज्याच्याबद्दल काहीच कळलं नाही, ते सगळ्यांत सुरक्षित दिसतं. मी अशा यंत्राला रंगच देत नाही. कडा पुसट, आतलं पोट कागदाच्या रंगाचं. त्यावर टिचकी मारली की मूळ मजकुराची ओळ जशीच्या तशी शेजारच्या चौकटीत उघडते. यादीतली ओळ निवडली की चित्रातलं यंत्र उठून दिसतं. सातबारा आणि नकाशा एकाच टेबलावर ठेवायचे, एवढंच मी म्हणते.

साशंक : टेबलावर आणखी एक गोष्ट ठेव, ती म्हणजे स्कॅनचं बटण. यादीवाल्याला आदेश टाइप करावा लागतो, त्यामुळं तो काय करतोय याची त्याला जाणीव असते. झेनमॅप उघडला की आधीपासून निवडलेला प्रकार कोणता? 'इंटेन्स स्कॅन'. सगळ्यांत जोराचा नसला तरी बराच जोराचा. नवशिका पत्ता भरतो आणि बटण दाबतो. छपाईच्या पोर्टवर प्रश्न पाठवले तर प्रिंटर ते प्रश्नच कागदावर छापत सुटतात, म्हणून एनमॅपनं सेवा ओळखण्याच्या तपासणीतून ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुद्दाम वगळले आहेत. प्रिंटरचं एक वेळ ठीक आहे. औद्योगिक यंत्रांच्या सुरक्षेवरच्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत एक प्रसंग नोंदलेला आहे. चालू नेटवर्कवर साधे पिंग पाठवले, तर नऊ फुटी यांत्रिक हात जागा होऊन १८० अंशांत फिरला. माणूस त्या खोलीत होता, पण हाताच्या टप्प्याबाहेर होता म्हणून वाचला. आता ऊस गाळणाऱ्या कारखान्यातल्या जुन्या कंट्रोलरवर किंवा चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर तुझ्या सुंदर बटणानं काय होईल, हे बटणावर लिहिलेलं असणार आहे का? शिवाय कायदा आहे. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय हात घातला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ लागू होऊ शकतं.

उत्साही : ते बटण मी काढलं आहे. माझा इंटरफेस स्कॅन करतच नाही. एनमॅपनं लिहिलेली एक्सएमएल फाईल तो उघडतो, एवढंच. स्कॅन करणाऱ्यानं आदेश स्वतः लिहावा, आणि तो आदेश चित्राच्या माथ्यावर छापलेला राहील, तारखेसह. झेनमॅपचीच एक गोष्ट मला इथं आवडते. प्रकार निवडला तरी प्रत्यक्ष जाणारा आदेश वर डोळ्यांसमोर असतो, बदलताही येतो. बघता बघता माणूस शिकतो.

आणि भिंतीवरच्या चित्राबद्दल म्हणाल, तर मला एक चित्र नकोच आहे, दोन हवीत. गेल्या महिन्याचं आणि आजचं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. तपासात पुढं आलं ते असं, की एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या खऱ्या यंत्रणेला बाजूला सारून एक खोटी यंत्रणा परस्पर होकार देत होती. नेटवर्कमध्ये काहीतरी नवीन बसलं होतं. नवीन काय आलं, हा प्रश्न रोज कोणी विचारला असता तर?

साशंक : तर कदाचित काहीच दिसलं नसतं. जे बसलं ते आधीच्याच एखाद्या यंत्रावर बसलं असेल तर पत्ता तोच, पोर्टही तेच. स्कॅन बाहेरून दार ठोठावतो. आत कोण बोलतंय हे त्याला कळत नाही. मोठ्या चोरीचं नाव घेऊन तू चित्राचा भाव वाढवू नकोस, ते चुकीचं आहे.

उत्साही : ते मागं घेते. पण दोन महिन्यांतल्या फरकाचा मुद्दा सोडत नाही.

साशंक : फरक काढणारा प्रोग्राम एनमॅपबरोबरच येतो, एनडिफ. झेनमॅपमध्येही दोन निकाल शेजारी ठेवून बघायची सोय आहे. अडचण वेगळीच आहे. आजचं यंत्र आणि कालचं यंत्र एकच, हे कशावरून ठरवणार? पत्ते राउटर वाटतो, आज एक उद्या दुसरा. कार्डाचा मॅक क्रमांक धरावा, तर आताचे फोन तोही बदलत राहतात. सकाळी आलेला एक कारकून दुपारी तुझ्या चित्रात दोन माणसं होऊन बसेल. एक 'गायब' म्हणून रिकामी चौकट आणि एक 'नवीन' म्हणून भरीव. रोज असे वीस दिसले की चौथ्या दिवशी लोक बघायचं सोडतील, आणि खरा नवीन त्याच दिवशी येईल.

उत्साही : म्हणून फोनांचं वायफाय वेगळ्या पट्ट्यात घालायला सांगते. चित्रानं पहिल्या दिवशी एवढं जरी करून घेतलं...

साशंक : ते चित्राचं काम झालं नाही, चित्र वाचनीय राहावं म्हणून नेटवर्क बदलण्याचं झालं. वाईट नाही. पण कबूल कर.

उत्साही : कबूल. आता माझी खरी अडचण सांगते, तिला तुमच्याकडं उत्तर असेल तर द्या. मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा कऱ्हाडला. शाखेतल्या सर्व्हरचा स्कॅन सांगलीहून केला, ४४५ क्रमांकाचा पोर्ट 'अडवलेला' आला. शाखेत बसून केला, तोच ४४५ 'उघडा' आला. दोन्ही खरे आहेत. यादीत तुम्ही दोन फायली ठेवाल, काम संपलं. माझ्याकडं वर्तुळ एकच आहे.

साशंक : मग दोन वर्तुळं काढ.

उत्साही : दोन काढली तर संचालक विचारतील, सर्व्हर दोन आहेत का? एक काढून अर्धं भरलं, तर कोणता अर्धा कोणाच्या नजरेचा, हे समजावायला एक तक्ता लागेल. चित्राच्या मधोमध स्कॅन करणारा असतो, म्हणजे हे चित्र नेटवर्कचं नसतंच, एका जागेवरून दिसणाऱ्या नेटवर्कचं असतं. हे बघणाऱ्याला एका नजरेत कसं कळवायचं, त्यावर मी तीन महिने अडकले आहे.

साशंक : माथ्यावर आदेश आणि तारीख छापतेस ना? तिथंच जागा लिही. 'कऱ्हाड शाखा, आतून.' अक्षर मोठं ठेव, वर्तुळांपेक्षा मोठं.

उत्साही : वर्तुळांपेक्षा मोठं अक्षर ठेवायचं, तर मग ते चित्र राहिलं का?

साशंक : दोन्ही फायली मला पाठव. तू म्हणतेस तसा ४४५ खरंच दोन तऱ्हेनं येतोय का, ते आधी मी ओळीत बघतो.